घरातल्या मोठ्यांचं मत

“मॅडम, मी दीड वर्ष जेलात व्हतो. खुनाच्या केसमधी,” रणजित म्हणाला, आणि त्याच्या बायकोनं, पद्मानं, पोह्यांची बशी घाईनं पुढं सरकवली.

दत्तकाच्या चौकशीला बारामतीहून आलेल्या निकिता मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. पद्मानं सकाळपासून स्थळ बघायला पाहुणे यावेत तशी तयारी केली होती. अंगण सारवलेलं, पोह्यांवर ओलं खोबरं, नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट. स्थळ बघायला आलेल्यांना निरवांगी गावात घरातलं उणं कोणी सांगत नाही. आजही सांगायचं नाही, असं तिनं बजावलं होतं. हा गडी चहाच्या पहिल्याच घोटाला बोलून मोकळा.

“पाटाच्या पाण्याच्या पाळीवरनं भांडण झालं. फावडं लागलं, माणूस गेला. मी पोलिसांत हजर झालो. पुढं साक्षीदार फिरलं, कोर्टानं निर्दोष सोडलं. दुसऱ्या कुणाकडनं कळण्यापरीस माझ्या तोंडनं कळू द्या.”

पद्मानं डोळे मिटले. त्या दीड वर्षात तिनं येरवड्याची एक भेट चुकवली नव्हती. पण त्या दिवशी नेमकं काय झालं ते तिनं कधी विचारलं नाही, आणि त्यानं कधी सांगितलं नाही.

मॅडम मात्र उठल्या नाहीत. “लपवलं असतंत तर मी आजच नाही म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “सुटलात, त्याला बारा वर्षं झाली, पुन्हा एक तक्रार नाही. आता फक्त घरातल्या मोठ्यांचं मत घेते.”

पद्माचा जीव भांड्यात पडला. मोठे म्हणजे थोरले दीर शंभूराज, पलीकडं बाजेवर बसलेले. वकील त्यांनीच दिला, साक्षीदारही त्यांनीच फिरवले. भावासाठी एवढं करणारा माणूस आता आडवा कशाला येईल?

शंभूराज हिशोबाचे पक्के. वडिलांचा सोळा एकर ऊस, दोघं भाऊ, पण पुढं वारस त्यांची दोन पोरंच. भागाकार सोपा होता. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

“रणजित आमचा लाख माणूस, मॅडम. सख्ख्या भावाचं वाईट मी कशाला सांगू? पण दुसऱ्याच्या लेकराचा प्रश्न हाय म्हणून बोलतो. राग आला की ह्याला भान राहत न्हाय. उद्या पोर हट्टाला पेटलं, अन् ह्याच्या हाताशी काय असलं तर?” त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. “आन माझी पोरं त्याचीच हायत की!”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. निघताना त्यांनी पद्माच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं. शंभूराजही मिशी पुसत रानाकडं निघाले.

“सख्खा भाऊ असं बोलला, अन् तुमी गप बसला?” पद्माला रडू फुटलं. “का मारलंत हो त्या माणसाला?”

रणजित भावाच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघत राहिला.

“फावडं दादाच्या हातात व्हतं,” तो म्हणाला. “मला म्हनला, ‘मला दोन पोरं हायत. तू हजर हो. तुझ्यामागं रडाया कोण हाय?’”