गणपत वॉर्डरची पारख

“नारळ मी चोरलंय, साहेब. पण माजा नाव महादू. त्या शंकराक मी वळखतव नाय,” आरोपीने चौथ्यांदा सांगितलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात गणपत तुच्छतेने हसला. तुरुंगात तीस वर्षं वॉर्डरकी करून निवृत्त झालेला माणूस. असली रडगाणी त्याला तोंडपाठ होती.

पोतंभर नारळांची पहिलीच चोरी, तर दोन महिने. पण पोलीस म्हणत होते, हा नाव बदललेला शंकर. शंकर गणपतच्याच तुरुंगात तीनदा शिक्षा भोगून दोन वर्षांपूर्वी सुटला आणि बेपत्ता झाला. तोच हा ठरला, तर सात वर्षं. बोटांच्या ठशांचा जुना कागद वाळवीने खाल्ला होता. सगळी भिस्त गणपतवर.

“पोतंभर नारळांना सात वर्षं? हा कायदा बदलायची मुंबईत चर्चा चाललीय,” आरोपीचा वकील म्हणाला.

“बदलेल तेव्हा बघू,” न्यायाधीश करवादले. “साक्षीदार, चेहरा ओळखता?”

“चेहरे कोण बघतो, साहेब? मोजणीला कैदी जोडीने बसतात. हात गुडघ्यांवर, मान खाली. मी सराईताला बसण्यावरून ओळखतो.” आणि तो आरोपीवर खेकसला, “जोडी बैठ!”

महादू दचकून मटकन खाली बसला. हात जोडलेले, डोळे न्यायाधीशांकडे.

“बघितलंत? मुरलेला कैदी!”

“बस म्हटल्यार बसलंय!” महादू रडकुंडीला आला. कोर्टात हशा पिकला.

सात वर्षं सक्तमजुरी झाली. बाहेर महादूची बायको सत्यवती गणपतच्या अंगावर धावून आली. “म्हाताऱ्या, तुजा वाटोळा होतला!”

गणपत तिच्या पायाशी थुंकला आणि मालवणच्या एसटीत चढला.

संध्याकाळी घरी ओसरीवर लेक आनंदी चहा घेऊन आली. जावई गुरुदास ओसरीपुढच्या खळ्यात माडांना पाणी घालत होता. दोन वर्षांपूर्वी तो बांद्याच्या एका दुकानात कामाला होता. ना आई, ना बाप. पण सासऱ्यासमोर कधी मान वर करीत नसे. त्याच गुणावर भाळून गणपतने त्याला घरजावई केला होता.

“सगळे वकील गप! आनी मगे मी असो वरडलंय,” गणपत रंगात येऊन ओरडला, “जोडी बैठ!”

खळ्यात कळशी खणकन आपटली.

गुरुदास उकिडवा बसला होता. हात गुडघ्यांवर, मान खाली. आणि डाव्या बाजूला जोडीदारापुरती जागा सोडलेली.