रांगेतला साक्षीदार

सव्वाअकरा वाजले तरी साक्षीदाराची खुर्ची रिकामीच होती.

समितीच्या सचिवबाईंनी पुन्हा फोन लावला. महामार्गावर टोल घेणाऱ्या कंपनीचे संचालक पलीकडून अदबीने म्हणाले, "नाक्यावर अडकलोय, मॅडम. रांग मुंगीच्या पावलांनी सरकतेय."

"तुमच्याच नाक्यावर?"

"काय सांगू! रांग मोडून पुढे घुसलो, तर तुम्हीच नावं ठेवाल."

बाईंनी फोन ठेवला. रस्त्याचा खर्च कधीच वसूल झालाय, हे त्यांनी तीन वर्षं फायली उकरून सिद्ध केलं होतं. अहवाल टाइप होऊन समोर पडला होता. पण संचालकांची साक्ष झाल्याशिवाय तो सभागृहात मांडता येत नव्हता, आणि सभागृहाने दिलेली मुदत आज चारला संपत होती. नाही मांडला, तर टोल आणखी पंधरा वर्षं. बाई स्वतः टोल वाचवायला रोज जुन्या, खड्ड्यांच्या रस्त्याने येत. आईच्या भाषेत, कमरेचं वाटोळं करून घेत.

बाराला अध्यक्ष आले. विरोधी बाकांवरचे, जिभेला धार असलेले. बाईंचा सगळा भरवसा त्यांच्यावर होता.

"दीड तास रांगेत होतो!" बॅग टेबलावर आपटत ते म्हणाले. "संचालक माझ्या मागेच, चार-पाच गाड्या सोडून. खरंच अडकलाय बिचारा."

शिपायाने त्यांना चहा पुढे केला. "नको रे, दोनदा झालाय."

बाई म्हणाल्या, "पोलिसांना सांगून त्यांची गाडी बाहेर काढू या का, साहेब?"

"छे! साक्षीदाराला पोलिसांनी ओढून आणलं म्हणून उद्या छापून येईल. थांबू या, बाई."

थांबले. दोन वाजता दोन सभासद जेवायला म्हणून गेले ते गेलेच. साडेतीनला अध्यक्षांनी संचालकांच्या गैरहजेरीवर अतिशय कडक शब्दांत नाराजी नोंदवली. बाईंनी ती शब्दशः लिहून घेतली. चारला शिपायाने दिवे मालवले.

बाईंना रडू आलं, ते त्यांनी जिन्यातच उरकून घेतलं. जुना रस्ता धरायचं त्राण उरलं नव्हतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी गाडी महामार्गाला घातली आणि टोलचे सुटे पैसे मुठीत धरून ठेवले.

नाक्यावरचे सगळे दांडे वर होते.

"राहू द्या, ताई," खिडकीतली मुलगी म्हणाली. "काल रात्रीपासून मशिनं बंद पडलीत. सगळ्यांना तसंच सोडतोय."

"मग सकाळी एवढी रांग कशी?"

"रांग? आज दिवसभर गाडी थांबलीच नाही कुणाची." मग तिला आठवलं. "हां, दोन थांबल्या होत्या. एक आमच्या मोठ्या साहेबांची, आणि एक ती, समितीच्या अध्यक्षांची पाटी लावलेली. दोघं चांगले दीड तास आत चहा पीत बसले होते."