काठीची पारख

गोमाने दुसरी काठीही बाजूला ठेवली.

"का रे? हिला काय झालं?" चिंतामणी टिपणिसांनी विचारलं.

"सांधा ढिला हाय, सायेब. ऐका." त्याने काठी हलवली. पितळेच्या सांध्यात बारीक टकटक झाली. "धा येळा फेकली का टोक पाण्यात."

दुकानदार टेकचंदने कपाळावर हात मारला. "साईं, याला कुठून आणलात? माझं दुकान बंद करणार हा!"

उल्हासनगरच्या छावणीतल्या एका बराकीत त्याचं दुकान होतं. गोरे लोक जाताना विकून गेलेलं सामान फिरत फिरत त्याच्याकडे यायचं. आज पिसांच्या खोट्या माशीने मासा धरायच्या तीन विलायती काठ्या होत्या. पहिली सर्वांत चकचकीत आणि सर्वांत महाग. ती गोमाने एक डोळा मिटून नुसती पाहिली होती. कोणीतरी उन्हात भिंतीला टेकवून ठेवली होती म्हणे. वाकली होती.

टिपणीस अंबरनाथच्या कारखान्यात असिस्टंट होते. नव्या मोठ्या साहेबांना बारवी नदीवर मासे धरायचा नाद. चहाच्या टेबलावर टिपणीस बोलून गेले, "मलाही आहे." साहेबांनी लगेच रविवारचं बोलावणं केलं. टिपणिसांनी जन्मात काठी धरली नव्हती. म्हणून त्यांनी बदलापूरच्या डोंगरातल्या ठाकरवाडीतून गोमाला शोधून आणलं. एका गोऱ्या साहेबाची काठी त्याने बारा वर्षं खांद्यावरून वाहिली होती. टिपणिसांचा शब्द साधा होता. काठी नीट निवड, रविवारी नदीवर बरोबर ये, मग माझ्या बंगल्यावर कायमचं काम.

बाहेर त्याची बायको चंद्री बसली होती. लाकडाची मोळी विकून झाली होती, रिकामी चुंबळ मांडीवर होती. आजची मोळी शेवटची, असं गोमाने तिला सकाळी सांगितलं होतं.

तिसरी काठी मळकी होती. रोगण उडालेलं, बुचाची मूठ काळी पडलेली. गोमाने तिच्यावरून नख फिरवलं. बांबूच्या सहा पट्ट्या एकमेकींना घट्ट धरून होत्या. टोक जमिनीला टेकवून त्याने ती दाबली. बाक टोकापासून मुठीपर्यंत सारखा उतरला. मग दोऱ्याची चक्री कानाशी धरून फिरवली. आवाज एकसारखा.

"ही घ्या. तिघींत सस्ती, आन् हीच खरी."

"ही? मोठे साहेब हसतील."

"बघून हसतील. फेकल्यावर नाय हसणार."

फेकून बघायला सगळे अंगणात आले. टेकचंदने दोऱ्याच्या टोकाला कापसाचा बोळा बांधला. टिपणिसांनी काठी मागे नेली आणि जोर लावून पुढे आणली. दोरा त्यांच्याच टोपीवर गोळा झाला. बराकीच्या दारातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"जोर नाय, सायेब. मागं गेला का थांबायचं. दोरा सरळ होऊ द्यायचा. मी दावू?"

टिपणिसांनी काठी त्याच्या हातात दिली.

समोर खाटेवर पापड वाळत घातले होते. "कडेपासनं तिसरा," गोमा म्हणाला. काठी मागे गेली, थांबली, पुढे आली. दोरा हवेत लांब होत गेला. बोळा तिसऱ्या पापडावर उतरला. पापडांची मालकीण शिव्या देत धावत आली. तिने पापड उचलून पाहिला. तडासुद्धा गेला नव्हता. तिने तो परत खाटेवर ठेवला.

"आणखी एकदा!" कोणीतरी ओरडलं. गोमाने दोरा ओढून घेतला आणि चौथ्या पापडावर सोडला. लोक जमले. चंद्री मात्र उठून उभी राहिली होती आणि मानेने नाही, नाही म्हणत होती. गोमाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"साईं," टेकचंद मोठ्याने म्हणाला, "रॉड राहू द्या, हा माणूसच घेऊन जा! मासे आपणहून घरी येतील!"

सगळे हसले. टिपणीसही हसले, पण सगळ्यांच्या मागून.

त्यांनी तीच काठी घेतली. तीच चक्री. घासाघीस केली नाही. रस्त्यावर आल्यावर ते थांबले.

"गोमा, रविवारी तू येऊ नकोस."

"सायेब?"

"सामान उचलायला कारखान्यातला एखादा हमाल नेईन मी. बंगल्याचंही काही ठरलेलं नाही अजून."

"पर काठी चुकली का, सायेब?"

"काठी उत्तम आहे," टिपणीस म्हणाले आणि टांग्यात बसले.

गोमा आणि चंद्री बदलापूरच्या वाटेला लागले. अंबरनाथ मागे पडलं. मग तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"उद्या रानात जायाला लागंल," ती म्हणाली. "लाकूड तोडाया."

"हं."

"त्या गोऱ्याकडं बारा वर्सं व्हतास. तो निजला का डोहावर फेकायचास, मी बघितलंय. आन् त्यानं काठी हातात दिली का मुद्दाम दोरा बाभळीत अडकवायचास. पोट धरून हसायचा तो. म्हनून ठेवला त्यानं तुला. एवढं कळत व्हतं तुला. मंग आज काय झालं?"

गोमाने वाटेतला काटा पायाने बाजूला सारला.

"ह्यो आपला वाटला," तो म्हणाला.