आठवी खिडकी

“सात झाल्या. आठवी कुठाय?”

मिस्त्रींना हे विचारताना घरमालकीणबाई दिवाणखान्यातल्या रिकाम्या भोकासमोर उभ्या होत्या. त्यांच्या घरात नवीन लाकूड वर्ज्य होतं. दारं पाडलेल्या शाळेची, जिना बंद पडलेल्या छापखान्याचा, फरशी कुठल्याशा दवाखान्याची. टाकाऊतून उभारलेल्या घरांची स्पर्धा होती आणि परीक्षक शनिवारी येणार होते.

सातही खिडक्या एकाच गल्लीतल्या. तिथे आठ बैठी घरं होती. त्यांच्या मातीच्या भिंतींचा भार चौकटींवर असे. चौकट निघाली की भिंत बसे. म्हणून खिडकी विकणारं प्रत्येक बिऱ्हाड आधी सामान बांधून निघून गेलं होतं. आठव्या घरात मिस्त्री राहत होते.

“तशीच नवी करून देतो, मॅडम. फरक कळणार नाही.”

“म्हणजे एका खिडकीसाठी झाड मारायचं? माझा जीव तुटतो, मिस्त्री. तुमची द्या. नाहीतर उरलेलं काम मी दुसऱ्याला देते.”

घरी मिस्त्रींच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. “जुनंच हवंय ना त्यांना? मग अहो, तुम्हीच उभे राहा त्या भोकात.”

मिस्त्रींनी वखारीतून ताजं लाकूड आणलं. चार दिवस खपून खिडकी केली. मग तिला साखळीने झोडपलं, गंजक्या खिळ्यांचं पाणी पाजलं, कडा झिजवल्या. भुंग्याची भोकंसुद्धा पाडली. शुक्रवारी ती बसवली आणि “घरचीच आहे,” एवढंच म्हणाले.

बाईंनी चौकटीवरून हात फिरवला. “बघा. ही ऊब नव्या लाकडाला यायची नाही.”

शनिवारी तीन परीक्षक आले. मिस्त्री कोपऱ्यात उभे राहिले. खोटं पकडलं गेलं तर काम तरी जाणार होतं, नाहीतर खरी खिडकी द्यावी लागून घर तरी.

“ही तर आमच्या मिस्त्रींच्या राहत्या घराची,” बाई म्हणाल्या. “भिंत पडणार हे माहीत असून दिली हो त्यांनी.”

“पर्यावरणाची केवढी जाण,” थोरले परीक्षक म्हणाले. “हे टिपून घ्या.”

मग त्यांनी खिडकीची चौकशी केली. वय किती, लाकूड कुठलं, तेल कोणतं लावत होता, कीड कधी लागली. मिस्त्रींनी न अडखळता उत्तरं दिली. ‘नवीन लाकूड’ या रकान्यात शून्य पडलं. सगळ्यांनी खिडकीपाशी फोटो काढून घेतले.

मिस्त्रींनी आणि त्यांच्या बायकोने तयारी केली होती ती दुसऱ्याच प्रश्नाची: मग तुम्ही आता राहता कुठे? ‘भावाकडे’ म्हणायचं ठरलं होतं. भावाला तसं सांगूनही ठेवलं होतं.

तेवढं मात्र कोणी विचारलं नाही.