आईची पेज

सुनेत्राच्या अंगावरचे चट्टे गेले तेव्हा तिची मुलगी मैथिली चार वर्षांची होती. त्याआधी लेकीला नुसतं उचललं तरी सुनेत्राच्या कोपरांची कातडी भेगाळून रक्त यायचं. सोरायसिस पथ्याने आटोक्यात राहू शकत होता, पण पथ्य तिला जमत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी तिच्या आतड्यात नव्या जातीचे जिवाणू सोडले. ते नाचणीच्या पेजेवर जगत, आणि त्यांच्यामुळे बाकी सगळ्या अन्नाला तिला सडल्यासारखा वास यायचा. पथ्य मोडायचा प्रश्नच उरला नाही.

एका दुपारी मैथिली जेवून उठली आणि धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. तिच्या तोंडाला तूपभाताचा वास होता. सुनेत्राने तिला ढकललं आणि ती मोरीकडे पळाली.

ओकून परतली तेव्हा नवरा, श्रीरंग, पोरीचे डोळे पुसत होता.

"ते जिवाणू काढून टाकू," तो म्हणाला. "त्यापेक्षा चट्टे परवडले."

"आता ते निघत नाहीत. मी विचारून आले."

संध्याकाळी मैथिलीने वरणभाताचं ताट बाजूला सारलं.

"मला आईची पेज द्या."

"अगं, तुला ती आवडत नाही ना?" श्रीरंगने विचारलं.

"पण मग आई मला जवळ घेईल."

सुनेत्रा नको म्हणेल याची वाट बघत श्रीरंग थांबला. पण तिने वाटीत पेज ओतली, लेकीला मांडीवर घेतलं आणि भरवू लागली.