सात नंबरची पिन

घाम पुसायला शांतवनने रुमालासाठी खिशात हात घातला आणि बोटांना ग्रीसने माखलेली लोखंडी पिन लागली. समोर तो चालवत असलेला जत्रेतला आकाशपाळणा माणसांनी गच्च भरून फिरत होता.

सकाळी सात नंबरचा पाळणा ज्यावर लटकतो त्या दांड्याला ग्रीस लावायला त्याने ती काढली होती. मग रोजच्यासारखी कामाआधीची प्रार्थना. हात जोडायचे म्हणून पिन खिशात टाकली, आमेन म्हटलं आणि ती तिथेच राहिली. पिनेवाचून तो दांडा कधीही निसटला असता आणि पाळणा कोसळला असता.

सात नंबर नेमका वरच्या टोकाला होता. आत एक बाई, मांडीवर पोर. एकदम ब्रेक दाबला तर हिसका बसणार. शांतवनने मोटर बंद केली आणि तो ब्रेक हळूहळू दाबत गेला. “प्रभू, त्यांना खाली आण,” तो पुटपुटला. पण या वेळी डोळे मिटायचा त्याला धीर झाला नाही.

पाळणा खाली आला. दांडा दोन बोटं बाहेर सरकला होता.

“एवढ्यात थांबवलात, दादा?” बाई उतरता उतरता हसली. “तुम्ही प्रार्थना करून सुरू करता, म्हणून तर मी पोराला इथेच आणते.”

आकाशपाळण्याचा मालक शेजारीच उभा होता. शांतवन गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलंही नसतं.

त्याने घामेजलेली मूठ तिच्यासमोर उघडली. “ताई, ही पिन तुमच्या पाळण्यात असायला हवी होती. मी प्रार्थना करताना खिशात टाकली.”

बाईने पोराला उराशी घट्ट धरलं.