दहा मिनिटांची टोपी

नळ बंद आहे, तरी पाणी वाहतंय. दोघं जण नाव घेऊन हसतायत. भिंतीतून एक बाई म्हणतेय, "खिडकीपाशी ये."

शिकाऊ मनोविकारतज्ज्ञ मुक्ता केंजळेने टोपी काढली. दहा मिनिटं तिने समोरच्या कंडक्टर भिवा घाडगेंच्या मेंदूतलं सगळं ऐकलं होतं. घाडगेंची नोकरी तिच्या निदानावर अडली होती.

"तिघं आहेत," ती म्हणाली. "बाई हळू बोलते, पण भीती तिचीच वाटते."

"तीच ती भवानी." आवाज सुरू झाल्यापासून नऊ वर्षांनी घाडगेंनी खांदे सैल सोडले. "डेपोत म्हणतात, नाटकं करतो."

"नाटक नाही, काका. आजार आहे. औषध आहे."

"मग चहा सांगा, मॅडम. तुम्हीच घामेजलात."

टोपी घालण्याआधी मुक्ताने त्यांच्या कागदावर 'सोंग' असं लिहिलं होतं.